‘स्थापना १९४७’ची पाटी आणि ट्रंकेतल्या वह्या

ताई, बाकी सगळं नंतर. आधी काकांना फोन करा आणि दुकानाच्या जुन्या वह्यांच्या त्या दोन ट्रंका रद्दीवाल्याला देऊ नका म्हणून सांगा. दुकान आवरायला काढलं की फळ्यांना, डब्यांना, तागडीलासुद्धा गिऱ्हाईक मिळतं. वह्या मात्र किलोवर जातात. कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एका पेढीच्या चाळीस वर्षांच्या वह्या अशाच गेल्या. मी त्यांचा करसल्लागार होतो, तरी मला चौथ्या दिवशी कळलं.

आता तुमचा प्रश्न. आजोबा फाळणीत सिंधमधून आले, कोल्हापूरजवळच्या गांधीनगरात किराणा दुकान काढलं, पाटीवर ‘स्थापना १९४७’ आहे. काकांचं वय झालं, मुलं पुण्यात, दिवाळीनंतर दुकान बंद होणार. तुम्हाला दुकानाचा इतिहास लिहायचाय. पण घरात कुणालाही विचारलं की एकच गोष्ट ऐकायला मिळते: ‘अंगावरच्या कपड्यांनिशी आले आणि कष्टानं उभं केलं.’ वह्या कुणाला वाचता येत नाहीत. तेव्हा सुरुवात कुठून करायची?

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. तीसेक वर्षं कोल्हापुरातल्या किराणा-भुसार आणि गुळाच्या व्यापाऱ्यांची विक्रीकराची, इन्कमटॅक्सची कामं केली. निवृत्त झाल्यावर सात-आठ घरांना त्यांच्या दुकानांची हकीकत लिहायला मदत केली. त्यात गुजराती होते, मारवाडी होते, गडहिंग्लजकडचे लिंगायत वाणी होते, गांधीनगरची दोन सिंधी घरं होती. त्यामुळे मी दुकानाकडे बघतो ते वहीतून, हे गृहीत धरूनच पुढचं वाचा.

माझ्या मते तुमची अडचण ‘सुरुवात कुठून’ ही नाहीच. घरची गोष्ट खोटी नाही, पण तिच्यातून काही कळत नाही, ही खरी अडचण आहे. कष्ट निर्वासितांच्या कॅम्पात कुणी केले नाहीत? किराणा दुकानाला पहिल्या दिवशी माल लागतो आणि माल रोकड्यानं मिळतो किंवा उधारीवर. रोकडा नव्हता असं तुम्हीच लिहिलंय. मग गावात ओळख नाही, मराठी येत नाही, अशा माणसाला साखरेचं पहिलं पोतं उधार दिलं कुणी? आणि त्या माणसानं स्वतः पहिली उधारी कुणाच्या नावावर लिहिली? ही दोन नावं सापडली की दुकान उभं कसं राहिलं ते बरंचसं कळतं. पाटीवरचं साल त्यामानानं दुय्यम. तरी आधी त्या सालाकडेच बघू, कारण आपल्याकडच्या पाट्या कशा बनतात ते त्यातून दिसतं.

१९४७ला गांधीनगर नव्हतं. आज जिथे गांधीनगर आहे तिथे वळिवड्याचा कॅम्प होता आणि त्यात पोलंडचे निर्वासित राहत होते. दुसऱ्या महायुद्धात रशियात हद्दपार झालेली ही माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, इराणमार्गे हिंदुस्थानात आली. १९४३पासून सुमारे पाच हजार जण वळिवड्यात राहिले. बराकी, शाळा, चर्च, दवाखाना, सगळं तिथे होतं. मिरज-कोल्हापूर रेल्वे शेजारून जात होती. ही मंडळी तिथे १९४८च्या सुरुवातीपर्यंत होती. त्यांच्या रिकाम्या झालेल्या बराकींत मग सिंधी निर्वासित आले. म्हणजे आजोबांचं दुकान कॅम्पातल्या बराकीतच सुरू झालं असेल, तर १९४७ साल जमत नाही.

दुसरं असं की सिंधमधून फार मोठ्या संख्येनं हिंदू बाहेर पडले ते जानेवारी १९४८मध्ये कराचीत दंगल झाल्यावर. बरेच जण बोटीनं मुंबईला आले, तिथून कल्याण कॅम्पात, म्हणजे आजच्या उल्हासनगरात, काही पिंपरीला, काही इकडे. आधी आलेले होतेच, त्यामुळे तुमचे आजोबा १९४७च्या सप्टेंबरातच आले नसतील असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. वळिवड्याला येण्याआधी ते कल्याणला किंवा कोल्हापूर शहरात कुठे हातगाडीवर चणे-शेंगदाणे विकत असतील, आणि घरानं तीच दुकानाची सुरुवात धरली असेल. तसं असेल तर पाटी बरोबर आहे, फक्त गांधीनगरातल्या दुकानाची ती तारीख नव्हे.

इथे मी स्वतः एकदा तोंडघशी पडलोय. गडहिंग्लजकडच्या एका दुकानाच्या पाटीवर १९३१ होतं. मी ते जसंच्या तसं लिहिलं, घरच्यांनी पुस्तिका छापली, वाटलीसुद्धा. दोन वर्षांनी माळ्यावर एक वही सापडली. १९३१ला आजोबा दुसऱ्याच्या दुकानात गुमास्ता म्हणून लागले होते, स्वतःचं दुकान त्यानंतर अकरा वर्षांनी काढलं. तेव्हापासून पाटीवरचं साल दिसलं की मी विचारतो, ‘त्या वर्षी नेमकं काय झालं होतं?’ गाव सोडलं, लग्न झालं, थोरला मुलगा झाला, यातलं काहीही असू शकतं. तुमच्या घरात १९४७ हे बहुधा गाव सुटल्याचं साल असेल. ते दुकानाच्या कपाळावर का लावावंसं वाटलं हे काकांना विचारा. उत्तर आलं तर तो तुमचा पहिला परिच्छेद.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो, कारण ते सरळ आहे. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ला मुंबई राज्यात विलीन झालं. त्याआधीचा जागेचा, परवान्याचा कागद असेल तर तो संस्थानी दप्तरात, म्हणजे कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात शोधायचा. तिथलं बरंच लिखाण मोडीत आहे, तेव्हा मोडी वाचणारं कुणीतरी सोबत न्या. त्यानंतरचे कागद जिल्हाधिकारी कार्यालय, सिटी सर्व्हे आणि ग्रामपंचायतीत मिळतील. गांधीनगरची वस्ती वळिवडे, उचगाव, गडमुडशिंगी, चिंचवाड अशा गावांच्या हद्दींत पसरलेली आहे, त्यामुळे दुकानाची जागा कुणाच्या हद्दीत ते आधी बघा, नाहीतर भलत्याच ग्रामपंचायतीत हेलपाटे होतील. घरात ‘क्लेम’ची फाईल आहे का, विचारा. सिंधमध्ये सोडून आलेल्या मिळकतीसाठी १९५०च्या कायद्यानं दावे नोंदवले गेले आणि १९५४च्या कायद्यानं भरपाई ठरली. त्या फाईलमध्ये मूळ गाव, घर, दुकान असेल तर तेही, सगळं लिहिलेलं असतं. तिथलं गाव-तालुका मी डोळे झाकून घेतो. किमतीचा आकडा मात्र दावा म्हणूनच वाचायचा. शॉप ॲक्टचं जुनं लायसन्स (तो कायदा १९४८चा), विक्रीकराचं नोंदणीपत्र, रेशनचा परवाना असेल तर तो, हे सगळं बहुधा देव्हाऱ्याच्या मागे फ्रेममध्ये किंवा गल्ल्याच्या तळाशी असतं.

आता वह्या. खालच्या ट्रंकेला २०१९च्या पावसात ओल लागली म्हणताय. २००५ आणि २०१९च्या महापुरांनंतर मी बऱ्याच वह्या हाताळल्या, त्यावरून सांगतो. उन्हात वाळत घालू नका, कागद आखडतो आणि शाई उडते. चिकटलेली पानं नखानं सोडवू नका. सावलीत, पंख्याखाली, वही उभी आणि अर्धवट उघडी ठेवायची, मध्ये कोरा टीपकागद घालायचा आणि तो बदलत राहायचा. वर्तमानपत्र घालू नका, त्याची शाई उतरते. बुरशी असेल तर तोंडाला फडकं बांधा. सुटेल त्या पानाचा लगेच मोबाईलवर फोटो, आणि फोटोत वहीचं नाव व पानाचा क्रम दिसला पाहिजे. नंतर लिहू म्हटलं की हजार फोटो होतात आणि कुठलं पान कुठलं ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

लिपीची भीती बाळगू नका. आजोबांच्या सुरुवातीच्या वह्या बहुधा सिंधी व्यापाऱ्यांच्या हटवाणिका लिपीत असतील. शाळेतली सिंधी अरबी वळणाच्या लिपीत, पण बाजारातली ही वेगळी आणि तिच्यात काना-मात्रा जवळजवळ नसतात. मारवाड्यांच्या महाजनी लिपीचंही तसंच. त्यावरचा जुना विनोद तुम्ही ऐकला असेल: चिठ्ठीत लिहिलं होतं ‘काकाजी अजमेर गए’, घरच्यांनी वाचलं ‘काकाजी आज मर गए’ आणि रडारड सुरू झाली. म्हणून अशी वही शब्दापासून वाचायला घेऊ नये. आकड्यांपासून सुरुवात करा. जिथे बेरीज मारली आहे तिथून वर जायचं. एकच खूण दर पानावर येत असेल तर ती साखर, गूळ, तांदूळ, रॉकेल अशा रोजच्या मालाची असणार. भाव ठाऊक असला की मालाचं नाव ओळखता येतं. गांधीनगरातच ऐंशी ओलांडलेला एखादा जुना व्यापारी गाठा आणि एक पान त्याच्यापुढे ठेवा. तासाभरात तो तुम्हाला वीस खुणा शिकवेल, वर चहा पाजेल.

आकड्यांतही खाचखळगे आहेत. जुन्या पद्धतीत रुपयाच्या आकड्यापुढे एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. मी नवशिका असताना ‘१।’ म्हणजे सव्वा रुपया, तो अकरा वाचला आणि दिवसभर बेरीज जुळेना. शेवटी आमच्या दिवाणजींनी चष्मा वर करून नुसतं बघितलं. १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली, सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नये पैसे झाले. त्या सुमाराच्या पानांवर थोडा वेळ थांबा. एक आणा म्हणजे सव्वासहा नये पैसे, तो पाव पैसा कुणी सोडायचा? काही वह्यांत मला काही महिने दोन्ही हिशेब शेजारी शेजारी लिहिलेले दिसले. मग लगेच १९५८पासून टप्प्याटप्प्यानं मेट्रिक वजनं आली. ८० तोळ्यांचा शेर साधारण ९३३ ग्रॅमचा, किलो त्याहून थोडा जास्त. भाव किलोचा सांगितला की गिऱ्हाइकाला दुकानदारानं दर चढवला असं वाटायचं. पायली, मापटं, चिपटं ही मापं तर खेड्यातल्या तोंडून कितीतरी वर्षं गेली नाहीत. चार-पाच वर्षांत नाणं बदललं, वजन बदललं, आणि दुकानदार अजून गावाला नवखा. या काळात उधारी बुडाल्याच्या नोंदी वाढल्या की कमी झाल्या ते मोजा. मला गांधीनगरच्या एका घराच्या वहीत कमी झालेल्या दिसल्या, का ते अजून उलगडलेलं नाही. तुमच्याकडे काय निघतं याची मला उत्सुकता आहे.

तारखांचं एक सांगून ठेवतो, कारण इथे वर्षभराची चूक सहज होते. वहीवर विक्रम संवत असेल तर तो आकडा कधी बदलतो ते आधी बघा. गुजराती पद्धतीत तो दिवाळीच्या पाडव्याला, म्हणजे कार्तिकात, बदलतो, उत्तरेकडच्या पद्धतीत चैत्रात. समजा नोंद आहे ‘भाद्रपद, संवत २००५’. चैत्री हिशेबानं ती १९४८ची होते, कार्तिकी हिशेबानं १९४९ची. तुमच्या बाबतीत हा फरक म्हणजे दुकान संस्थानात सुरू झालं की मुंबई राज्यात, इतका मोठा आहे. वार लिहिलेला असेल तर जुन्या पंचांगाशी ताडून बघा, लगेच सुटतं.

आता उधारीची वही, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप. तुम्ही बहुधा जमाखर्चाची वही आधी उघडाल, कारण ती नीटनेटकी असते. मी उधारीची आधी उघडतो. गावाकडच्या गिऱ्हाइकाचं खातं केव्हा भरतं यावरून तो कोण ते कळतं. वर्षभर नावे, नावे, नावे (म्हणजे उधारीच उधारी) आणि हिवाळा-उन्हाळ्यात एकदम मोठी रक्कम जमा, म्हणजे ऊसवाला. ‘बिल निघालं की देतो’ हे वाक्य आपल्या जिल्ह्यात दुकानदारानं जितकं ऐकलं तितकं कुणी ऐकलं नसेल. दर आठवड्याला थोडं थोडं जमा होतं तो मजूर. महिन्याला ठरावीक तारखेला, तो नोकरदार, वळिवड्याला रेल्वेचा असू शकतो. आणि काही वर्षांनी त्याच गावच्या खात्यांवर दर दहा दिवसांनी जमा दिसायला लागलं, तर ते दुधाचं बिल. जिल्हा दूध संघ १९६३चा. दूध गोळा होणं गावोगाव रुजत गेलं तसं उधारीचं चक्र वर्षावरून दहा दिवसांवर आलं. दुकानदाराच्या दृष्टीनं ही केवढी मोठी गोष्ट! सहा महिने अडकणारा पैसा महिन्यात तीनदा फिरायला लागला. मी बघितलेल्या एका वहीत त्या सुमारास खात्यांची नावंही बदलली. आधी पुरुषांची होती, मग ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ अशी यायला लागली. दुधाचा पैसा कुणाच्या हातात येत होता ते तिथे दिसलं.

वहीत मराठी केव्हा आली तेही बघा. उधारीचं खातं गिऱ्हाइकाच्या समोर धरावं लागतं, त्याला वाचता आलं पाहिजे. आजोबांनी हटवाणिका सोडून देवनागरीत नावं लिहायला कधी घेतलं, अक्षर त्यांचं आहे की एखाद्या मराठी दिवाणजीचं की शाळेत जाणाऱ्या तुमच्या काकांचं? काकांचं असेल तर ते पान त्यांना दाखवा आणि गप्प बसा, बोलतील.

माल कुठून आला त्याची नोंद जमेच्या बाजूला, अडत्यांच्या, म्हणजे घाऊक माल देणाऱ्या दलालांच्या, नावांखाली मिळेल. गूळ शाहूपुरीचा (ती पेठ शाहू महाराजांनी १८९५ला वसवली), धान्य-कडधान्य लक्ष्मीपुरीचं, मिरची संकेश्वर-ब्याडगीकडची असेल. पहिल्या वर्षाच्या वहीत ज्याची रक्कम सगळ्यांत उशिरा फिटली, तो तुमचा माणूस. त्यानं थांबायची तयारी दाखवली. तो सिंधीच असेल असं धरून चालू नका. मी पाहिलेल्या दोन घरांपैकी एकाला पहिला माल दिला तो लक्ष्मीपुरीतल्या एका गुजराती अडत्यानं, आणि जामीन राहिला होता वळिवड्याचा एक पाटील. घरच्या गोष्टीत या दोघांचा उल्लेखही नव्हता. मुद्दाम लपवला असं नाही. तीन पिढ्यांत गोष्ट घासत घासत एका माणसापुरती उरते.

एक प्रश्न तुमच्या घरालाच लागू पडतो. गांधीनगर पुढे कापडाची मोठी घाऊक पेठ झाली. शेजारीपाजारी कापडात गेले, तुमचे आजोबा किराण्यातच का राहिले? भांडवल कमी पडलं, भाऊबंदकी झाली, की कापड-खरेदीला आलेल्या गिऱ्हाइकांमुळे किराणाही बरा चालत होता? हे वहीत मिळणार नाही, विचारावंच लागेल. विचारताना ‘आठवणी सांगा’ म्हणू नका, लगेच ‘अंगावरच्या कपड्यांनिशी’ सुरू होईल. वस्तू हातात द्या. तागडी, पत्र्याचा डबा, पुडीचा दोरा. ‘या डब्यात काय असायचं? झाकण कशानं चेपलं?’ आणि आजीबद्दल वेगळं विचारा. पापड कोण लाटायचं, मसाला कोण कांडायचं, दुपारी आजोबा बाजाराला गेले की गल्ल्यावर कोण बसायचं. वहीत तिची मजुरी कुठेच नावे पडलेली नसते, पण पापड विकल्याचे पैसे जमेला असतात.

आणि अजून एक. उधारीच्या वहीत गिऱ्हाइकांची अब्रू असते. कुणाचं बुडालं, कुणी मंगळसूत्र ठेवून साखर नेली, अशा नोंदी निघतील. घरच्या पुस्तिकेत छापताना नावं काढून टाका, ‘उचगावचा एक शेतकरी’ एवढं पुरे. त्यांची नातवंडं अजून तिथेच राहतात.

तेव्हा क्रम असा धरा: ट्रंका सुरक्षित, मग फोटो, मग संवताचा आकडा, मग पहिल्या दोन वर्षांची उधारी आणि अडत्यांची खाती, आणि काकांशी बोलणं या सगळ्याच्या मधेमधे, एका बैठकीत नाही. लिहायला दिवाळीनंतरच बसा. दुकान उघडं आहे तोवर मात्र शक्य असेल तर एक अख्खा दिवस काकांच्या शेजारी गल्ल्यापाशी बसून काढा, वही न उघडता. कोण येतं, काय मागतं, कुणाला काका न विचारता पुडी बांधून देतात ते टिपा.

आणि वरच्या ट्रंकेतली सगळ्यांत जुनी वही काढून, जिथे संवताचा आकडा बदलतो त्या पानाचा फोटो मला पाठवा. तिथे दिवाळी आहे की चैत्र, एवढं कळलं की पाटीचं बघू.